कोच आणि प्राध्यापक : ॲमॉस ॲलॉन्झो स्टॅग यांचे चरित्र व विद्यापीठीय क्रीडेचा प्रश्न

१. विषयप्रवेश

गतवर्षी एम. ए. च्या वर्गात अर्थपरिवर्तनाचे प्रकरण चालू असता एका विद्यार्थ्याने विचारले की, 'कोचिंग क्लास' या शब्दातील 'कोच' आणि क्रिकेटच्या मैदानावरील 'कोच' हे दोन शब्द समजावयाचे की एकच? प्रश्न साधा होता. परंतु त्याचे उत्तर आपणांस पुष्कळ दूरवर घेऊन जाते. हंगेरीत कोच या नावाचे एक खेडे आहे. तेथे तयार होणाऱ्या घोडागाडीला त्या खेड्याचे नाव मिळाले आणि गाडीबरोबर ते नावही युरोपातील बहुतेक भाषांत पसरले. इंग्रजीत ते 'कोच' या रूपाने स्थिर झाले व तेथून 'कोचमन' या समासात मराठीतही आले. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या बोलीत या शब्दाला एक नवा, थट्टेचा अर्थ प्राप्त झाला. परीक्षेच्या पैलतीराला विद्यार्थ्यास जणू गाडीत बसवून नेणारा जो खाजगी शिक्षक, त्याला 'कोच' म्हणू लागले. खेळाडूंच्या शिक्षकास हा शब्द लागू झाला तो त्यानंतर, १८६० च्या पुढे. म्हणजे आपल्याकडील 'कोचिंग क्लास' हा प्रयोग मैदानावरील प्रयोगापेक्षा जुन्या अर्थाला अधिक धरून आहे.

तेव्हा हा शब्द विद्यापीठात वाढला आणि विद्यापीठातून मैदानावर गेला. पुढे एका गृहस्थांच्या रूपाने तो मैदानावरून पुन्हा विद्यापीठात आला. तोही खाजगी शिकवणीवाला म्हणून नव्हे, तर कायम नेमणुकीचा प्राध्यापक म्हणून. हे गृहस्थ म्हणजे ॲमॉस ॲलॉन्झो स्टॅग (१८६२-१९६५). अमेरिकन फुटबॉलचे आरंभीचे नामांकित खेळाडू आणि नंतर शिकागो विद्यापीठाचे ४१ हंगामांचे प्रशिक्षक, ही त्यांची सामान्य ओळख होय. प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र सांगावयाचे आहे. परंतु त्यामागे एक प्रश्न आहे. खेळाच्या शिक्षकाला प्राध्यापकाचे पद दिल्याने खेळ विद्यापीठाच्या शिस्तीत येतो काय? स्टॅग यांच्या दीर्घ आयुष्यात या प्रश्नाची जवळजवळ पूर्ण परीक्षा झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

२. खेळाचे व्याकरण

आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळावयाचा खेळ. अमेरिकन फुटबॉल हा त्याहून सर्वस्वी भिन्न आहे. त्याचा उगम इंग्लंडातील रग्बी या खेळात असून त्यात चेंडू मुख्यतः हाताने धरून पळावयाचा, व प्रतिपक्षाने पळणाऱ्यास धरून खाली पाडावयाचे, अशी रचना आहे. रग्बीत खेळ थांबला की दोन्ही बाजूंचे गडी एकमेकांना खांदे भिडवून घोळक्यात झुंजतात व मधल्या चेंडूवर ताबा मिळविण्याचा प्रयत्न करतात. चेंडू कोणत्या बाजूने बाहेर येईल हे कोणासही आधी सांगता येत नाही.

१८८० साली येल महाविद्यालयाच्या वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील महाविद्यालयांनी येथे एक मूलगामी बदल केला. खेळ थांबेल तेव्हा चेंडू निर्विवादपणे एका बाजूच्या ताब्यात राहील, दोन्ही संघ एका काल्पनिक रेषेच्या दोन बाजूंना उभे राहतील, आणि ताबा असलेल्या बाजूचा मधला गडी चेंडू मागच्या गड्याकडे देईल तेव्हाच खेळ पुन्हा सुरू होईल, असे ठरले. या रचनेला 'स्क्रिमेज' हे नाव पडले. रग्बीतील 'स्क्रम' आणि हा 'स्क्रिमेज' ही दोन्ही रूपे चकमक या अर्थाच्या 'स्कर्मिश' या एकाच शब्दाची अपत्ये होत. दोन सख्ख्या शब्दांनी दोन परस्परविरोधी रचनांची नावे व्हावे, ही गोष्ट शब्दार्थाच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखी आहे. त्याच वर्षी प्रत्येक बाजूच्या गड्यांची संख्या १५ वरून ११ वर आली.

नव्या नियमाचा दोष लवकरच दिसून आला. १८८१ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात दोन्ही संघांनी आपापल्या पाळीत चेंडू नुसता धरून ठेवला आणि सामना शून्यावर संपला. म्हणून १८८२ मध्ये असे ठरले की, तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकता आले नाही तर चेंडू प्रतिपक्षाला द्यावा. या प्रयत्नाला 'डाउन' म्हणतात. पाच यार्डांची मोजणी करता यावी म्हणून मैदानावर समांतर रेषा आखल्या जाऊ लागल्या. त्या आखणीमुळे मैदान मांस भाजण्याच्या लोखंडी जाळीसारखे दिसे. तेच नाव पुढे मैदानाला व लक्षणेने खेळालाही मिळाले.

या दोन नियमांचा परिणाम खेळापुरता मर्यादित राहिला नाही. चेंडू आपल्याकडेच येणार हे निश्चित झाल्यामुळे पुढची चाल आधी ठरविता येऊ लागली. अकरा गड्यांपैकी कोणी कोठे उभे राहावे, कोणी कोणास अडवावे, कोणी पळावे, हे कागदावर रेखाटता येऊ लागले. मर्यादित घटक, त्यांच्या ठराविक जागा व त्यांच्या जुळणीतून निर्माण होणाऱ्या अगणित रचना, असे या खेळाचे स्वरूप झाले. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास हे वर्णन परिचयाचे वाटेल. रचना आधी योजता येते म्हटले म्हणजे ती योजणारा, शिकविणारा व घोटून घेणारा मनुष्य आवश्यक ठरतो. रग्बीत संघनायकावर भागत असे; अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाचा स्वतंत्र व्यवसाय उदयास आला, त्याचे प्रमुख कारण या नियमांत आहे.

३. येल येथील विद्यार्थी

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज या गावी झाला. वडील चांभारकाम करीत. घरात आठ मुले. ॲमॉस हे पाचवे. गरिबीमुळे शिक्षण रेंगाळले आणि १८८४ साली ते येल येथे दाखल झाले तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. धर्मोपदेशक व्हावे ही त्यांची इच्छा होती. येल येथे त्यांनी प्रथम नाव मिळविले ते बेसबॉलमध्ये, चेंडू फेकणारा खेळाडू म्हणून. व्यावसायिक बेसबॉल संघांनी त्यांना पैशाची बोलावणी केली; ती सर्व त्यांनी नाकारली. ज्याच्याजवळ पुरेसे कपडेही नव्हते अशा तरुणाने ही बोलावणी नाकारावी, यात त्यांच्या स्वभावाची खूण दिसते. पैशासाठी खेळणे आणि खेळासाठी खेळणे यांतील भेद त्यांना धर्माइतकाच महत्त्वाचा वाटे.

फुटबॉलमध्ये ते फळीच्या टोकाला खेळत. १८८८ च्या येल संघाने १३ सामने खेळून सर्व जिंकले. त्यांत येलचे गुण ६९८ व प्रतिपक्षांचे एकूण गुण शून्य. या संघाचे मार्गदर्शक वॉल्टर कॅम्प होते आणि स्टॅग त्यातील एक खेळाडू होते. १८८९ साली देशातील उत्तम अकरा महाविद्यालयीन खेळाडूंची यादी प्रथमच प्रसिद्ध झाली, तीतही त्यांचे नाव आले. त्यावेळी ते येलच्या धर्मशास्त्र विभागात पदव्युत्तर अभ्यास करीत होते.

तेथे सेमिटिक भाषांचे अध्यापक होते विल्यम रेनी हार्पर. या नावाशी संस्कृतच्या अभ्यासकांनी थोडे थांबावे. हार्पर यांनी १८७५ साली, वयाच्या विशीच्याही आत, येल येथेच डॉक्टरेट मिळविली होती. त्यांच्या प्रबंधाचा विषय लॅटिन, ग्रीक, संस्कृत व गॉथिक या भाषांतील शब्दयोगी अव्ययांचा तुलनात्मक अभ्यास हा होता; आणि त्यांचे गुरू होते विल्यम ड्वाइट व्हिटनी, ज्यांचे संस्कृत व्याकरण आजही आपल्या विभागांतून वापरले जाते. व्हिटनींच्या या शिष्याच्या वर्गात स्टॅग हिब्रू बायबलचा अभ्यास करीत. गुरुशिष्यांची ही गाठ पुढे दोघांच्याही आयुष्यात निर्णायक ठरली.

धर्मोपदेशक होण्याचा संकल्प मात्र सिद्धीस गेला नाही. सभेत उभे राहिले की स्टॅग यांना बोलणे सुचत नसे. उपदेश तोंडाने करता येत नसेल तर तो मैदानावर करावा, असा विचार करून ते १८९० साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात गेले. त्यांचे तेथील सहकारी जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये बास्केटबॉलचा खेळ शोधून काढला. ११ मार्च १८९२ रोजी या खेळाचा पहिला जाहीर सामना अध्यापक व विद्यार्थी यांच्यात झाला. विद्यार्थ्यांनी तो ५-१ असा जिंकला व अध्यापकांचा एकमेव गुण स्टॅग यांनी मिळविला. याच स्प्रिंगफील्डचे एक पदवीधर हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रास येथे वाय. एम. सी. ए. चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन केले. शारीरिक शिक्षण हा अध्यापनाचा विषय आहे, ही कल्पना भारतीय महाविद्यालयांत रुजली ती अंशतः या मार्गाने.

४. शिकागोची नेमणूक

जॉन रॉकफेलर यांच्या देणगीतून शिकागो येथे नवे विद्यापीठ उभे राहत होते आणि त्याचे पहिले अध्यक्ष म्हणून हार्पर यांची निवड झाली होती. नव्या संस्थेला विद्वान हवे होते, तसेच लोकांचे लक्षही हवे होते. हार्पर यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले. स्टॅग यांनीच पुढे सांगितलेली हकीकत अशी की, हार्पर यांनी प्रथम १,५०० डॉलर वार्षिक वेतन देऊ केले. नव्या कल्पनेवर विचार करीत स्टॅग गप्प राहिले. तेव्हा हार्पर यांनी २,००० डॉलर म्हटले. तरीही उत्तर नाही. शेवटी २,५०० डॉलर, सहयोगी प्राध्यापकाचे पद व कायम नेमणूक, येथवर प्रस्ताव आला. ज्या मौनामुळे धर्मपीठ गमावले त्या मौनाने प्राध्यापकपद मिळवून दिले.

१ ऑक्टोबर १८९२ रोजी शिकागो विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले आणि त्याच महिन्यात फुटबॉलचा संघही मैदानात उतरला. गडी कमी पडत म्हणून पहिल्या हंगामात स्टॅग स्वतः खेळले. शारीरिक शिक्षण व क्रीडा विभागाचे प्रमुख या नात्याने ते अध्यापकवर्गाचे सभासद होते. अमेरिकेत प्रशिक्षकाला असे पद देण्याचा हा पहिलाच प्रसंग मानला जातो.

हार्पर यांची भूमिका समजून घेतली पाहिजे. त्या काळी महाविद्यालयांतील संघ विद्यार्थी व माजी विद्यार्थी चालवीत. प्रशिक्षक एका हंगामापुरता भाड्याने आणीत. तो जिंकला तर राही, हरला तर जाई. पैशाचा हिशेब कोणापाशीच नसे. अशा प्रशिक्षकाला सभ्यपणापेक्षा विजयाची गरज अधिक. उलट ज्याची नेमणूक कायम आहे त्याला एखादा सामना गमावण्याचे भय नाही; म्हणून तो नियम पाळू शकेल आणि विद्यार्थ्याला खेळाडू होण्यापूर्वी विद्यार्थी राहू देईल. अध्यापकाच्या विचारस्वातंत्र्याचे रक्षण व्हावे म्हणून जी कायम नेमणूक असते, तिनेच प्रशिक्षकाच्या सचोटीचे रक्षण करावयाचे, असा हा विचार होता. तो तर्कदृष्ट्या निर्दोष आहे.

५. मैदानावरील अध्यापक

स्टॅग यांनी आपले काम अध्यापकाच्या पद्धतीने केले, याविषयी दुमत नाही. १८९३ साली त्यांनी व येलचे जुने सहकारी हेन्री विल्यम्स यांनी मिळून अमेरिकन फुटबॉलवर एक शास्त्रीय ग्रंथ लिहिला. त्यात चाली आकृत्यांनी दाखविल्या होत्या. गडी पाडण्याचा सराव माणसावर न करता पुतळ्यावर करावा, या कल्पनेचे जनकत्व त्यांच्याकडे जाते. येल येथे असता त्यांनी गुंडाळलेली गादी यासाठी वापरली होती. पाठीवरील क्रमांक, चेंडू सुटण्यापूर्वीच एका गड्याने आडवे धावत जाणे, अशा अनेक गोष्टींचे श्रेय त्यांना दिले जाते. १८९४ मध्ये त्यांचा विवाह स्टेला रॉबर्टसन यांच्याशी झाला. त्या सामन्यातील चाली टिपून ठेवण्याच्या कामात आयुष्यभर पतीला साहाय्य करीत.

शोधांच्या श्रेयाबाबत मात्र सावधगिरी हवी. चाल ठरविण्यासाठी गड्यांनी वर्तुळ करून डोकी एकत्र आणणे याला 'हडल' म्हणतात. स्टॅग यांनी शिकागो येथे १८९६ च्या सुमारास ते वापरल्याचे सांगतात. परंतु वॉशिंग्टन येथील बधिर विद्यार्थ्यांच्या गॅलॉडेट महाविद्यालयाची परंपरा अशी की, तेथील क्वार्टरबॅक पॉल हबर्ड याने त्यापूर्वीच, १८९४ साली, ही युक्ती योजिली. त्याचे गडी हातांच्या खुणांनी बोलत; प्रतिपक्षही बधिरांच्याच विद्यालयाचा असला म्हणजे त्या खुणा त्यालाही वाचता येत. म्हणून खुणा झाकण्यासाठी वर्तुळ. तोंडी भाषा कुजबुजून लपविता येते, दृश्य भाषा लपविण्यासाठी शरीराची भिंत करावी लागते. संकेतभाषा ही पूर्ण अर्थाने भाषा आहे, तिचे श्रोते डोळ्यांनी ऐकतात, या तत्त्वाचे इतके सुबोध उदाहरण पाठ्यपुस्तकांतही क्वचित सापडते. अशा एकाच गरजेतून निरनिराळ्या ठिकाणी एकच युक्ती सुचणे संभवनीय आहे.

१९०५ हे वर्ष या खेळाच्या इतिहासात दोन कारणांनी संस्मरणीय ठरले. घोळक्याने मुसंडी मारण्याच्या पद्धतीमुळे दर हंगामात खेळाडू मृत्युमुखी पडत होते. त्या वर्षी मृत्यूंची संख्या वृत्तपत्रांनी अठरा-एकोणीसवर नेली, व खेळ बंद करावा अशी मागणी होऊ लागली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ९ ऑक्टोबर रोजी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना बोलावून सुधारणेचा आग्रह धरला. १९०६ मध्ये नियम बदलले : चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली, आणि तीन डाउनमध्ये पाचऐवजी दहा यार्ड जाणे आवश्यक झाले. गडी मैदानभर पसरले व घोळक्याचे महत्त्व कमी झाले. नियम ठरविणाऱ्या समितीवर स्टॅग यांनी अनेक वर्षे काम केले.

दुसरे कारण म्हणजे ३० नोव्हेंबर १९०५ चा शिकागो-मिशिगन सामना. मिशिगनचा संघ त्यापूर्वीच्या ५६ सामन्यांत अपराजित होता. सुमारे २७,००० प्रेक्षकांसमोर शिकागोने तो २-० असा जिंकला. आपल्याच अंतिम रेषेमागे चेंडूसह पाडले गेल्यास प्रतिपक्षाला दोन गुण मिळतात. संपूर्ण सामन्यात तेवढेच गुण झाले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, १० जानेवारी १९०६ रोजी, हार्पर यांचे निधन झाले.

नियमांविषयी स्टॅग यांची निष्ठा किती कडवी होती, हे १९२२ च्या प्रिन्स्टन सामन्यात दिसले. शिकागोचा संघ शेवटच्या पाळीत १८-७ असा पुढे होता. प्रिन्स्टनने २१-१८ अशी आघाडी घेतली, आणि अखेरच्या क्षणी शिकागोचा संघ अंतिम रेषेच्या अगदी निकट येऊन अडला. कोणती चाल करावी हा निरोप बदली खेळाडूबरोबर आत पाठविणे शक्य होते. परंतु नियमसमितीस ते अमान्य होते. आणि स्टॅग त्या समितीचे सभासद होते. त्यांनी निरोप पाठविला नाही व सामना गमावला. परीक्षागृहात आपला विद्यार्थी चुकतो आहे हे दिसत असूनही अध्यापक बोलत नाही. ही तशीच गोष्ट होय. आठवडाभर शिकवावे, शनिवारी गप्प राहावे, ही त्यांची अध्यापनाची कल्पना. खेळाच्या शिक्षकाला प्राध्यापक का म्हणावे, असे कोणी विचारल्यास या प्रसंगाकडे बोट दाखविता येईल.

६. पदाची दुसरी बाजू

येथवरचे चित्र हार्पर यांच्या योजनेचे समर्थन करणारे आहे. परंतु योजनेची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

१८९६ साली शिकागोसह सात विद्यापीठांनी एक संघटना स्थापन केली, जी पुढे 'बिग टेन' या नावाने प्रसिद्ध झाली. क्रीडेवर अध्यापकांचे नियंत्रण असावे हे तिचे तत्त्व होते. शिकागोत मात्र या तत्त्वाला विचित्र वळण लागले. प्रशिक्षकच अध्यापक असल्यामुळे त्याच्यावर नियंत्रण ठेवणारे अध्यापक कोण, हा प्रश्न उरला. स्टॅग यांचा विभाग व्यवहारतः थेट अध्यक्षांच्या अखत्यारीत होता, व मैदानावरील उत्पन्न आणि खर्च त्यांच्याच हातात. भाड्याचा प्रशिक्षक निदान कोणाच्या तरी मर्जीवर अवलंबून असतो. कायम नेमणुकीचा, लोकप्रिय व विजयी प्रशिक्षक कोणावरच अवलंबून नसतो.

याचे परिणाम प्रवेशाच्या दारात दिसू लागले. १९०४ ते १९०६ या काळातील शिकागोचा सर्वांत गाजलेला खेळाडू वॉल्टर एकरसॉल हा प्रवेशाच्या अटी पुऱ्या न करता दाखल झाला होता. खेळण्याची मुदत संपल्यावर तो पदवी न घेताच विद्यापीठाबाहेर पडला. १९०५ साली 'कॉलियर्स' साप्ताहिकात एडवर्ड जॉर्डन यांनी मध्यपश्चिमेतील विद्यापीठे विजय विकत घेतात अशी लेखमाला लिहिली. तीत शिकागोचाही समाचार घेतला होता. म्हणजे ज्या संघाने मिशिगनला हरविले, त्याच संघाच्या आधारस्तंभाच्या विद्यार्थीपणाविषयी शंका होती. व्यावसायिक बेसबॉलचे पैसे नाकारणाऱ्या मनुष्याच्या विभागात हे घडावे, यातील विसंगती दृष्टीआड करता येत नाही. त्यांनी स्वतः कधी धन जोडले नाही. परंतु चांगला संघ हे चांगले कार्य आहे, आणि चांगल्या कार्यासाठी एखाद्या विद्यार्थ्याला दारातून थोडे सांभाळून आत घ्यावे, हे त्यांना गैर वाटले नसावे. प्रामाणिक माणसांच्या हातून संस्थांचे नियम अनेकदा याच रीतीने सैल होतात.

१९०६ च्या आरंभी मिशिगनचे अध्यक्ष जेम्स अँजेल यांच्या सूचनेवरून या विद्यापीठांच्या अध्यापकांची परिषद भरली. हंगामात पाचच सामने, खेळाडूस तीनच वर्षे, आणि प्रशिक्षकाची नेमणूक विद्यापीठाच्या नियमित पद्धतीनेच व माफक वेतनावर, असे तिने सुचविले. शिकागोची व्यवस्था सर्वांसाठी आदर्श ठरली, असे वरवर दिसते. परंतु सामन्यांची संख्या लवकरच पुन्हा वाढली, आणि मिशिगन काही वर्षे संघटनेबाहेर राहून १९१७ मध्ये परतले. १९२० नंतर तर सर्वत्र प्रचंड प्रेक्षागारे बांधली गेली; शिकागोचे मैदान, ज्याला आता स्टॅग यांचेच नाव होते, सुमारे ५०,००० प्रेक्षकांना सामावून घेऊ लागले. एवढ्या जागा दर शनिवारी भरावयाच्या म्हणजे विजय हवा, आणि विजयासाठी खेळाडू हवेत. कार्नेगी प्रतिष्ठानने १९२९ साली महाविद्यालयीन क्रीडेवर जो विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला, त्यात खेळाडूंना पैसे देऊन आणण्याची पद्धत देशभर पसरल्याचे दाखवून दिले होते.

७. निवृत्ती आणि नंतर

शिकागोने संघटनेचे अजिंक्यपद सात वेळा मिळविले. शेवटचे १९२४ मध्ये. त्यानंतर उतार लागला. शेजारची राज्य-विद्यापीठे विद्यार्थिसंख्येने वाढत होती, तर शिकागोचा ओढा संशोधनाकडे व पदव्युत्तर अध्ययनाकडे होता. आपल्या विषयापुरते बोलावयाचे तर एडवर्ड सपीर १९२५ ते १९३१ या काळात तेथे होते. लिओनार्ड ब्लूमफील्ड १९२७ मध्ये आले, आणि 'लँग्वेज' हा त्यांचा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ते तेथेच अध्यापन करीत होते. एकाच विद्यापीठाच्या वेतनपत्रकावर ब्लूमफील्ड आणि स्टॅग ही दोन नावे पाच वर्षे शेजारी होती. त्या दोघांनाही सारखाच आश्रय देणे विद्यापीठाला फार काळ शक्य नव्हते.

१९२९ साली तिसाव्या वर्षी अध्यक्ष झालेल्या रॉबर्ट हचिन्स यांनी हा निर्णय केला. १९३२ च्या हंगामानंतर सत्तरी गाठलेल्या स्टॅग यांना वयाच्या नियमानुसार निवृत्त व्हावे लागले. सन्मानाचे, परंतु कामाविना असलेले पद त्यांनी स्वीकारले नाही. ते कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिकचे प्रशिक्षक झाले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी तो लहान महाविद्यालयाचा संघ घेऊन ते शिकागोस आले, आणि स्वतःच्याच नावाच्या मैदानावर स्वतःच्याच जुन्या विद्यापीठाचा त्यांनी ३२-० असा पराभव केला.

पुढील वर्ष शिकागोला अधिकच लाजिरवाणे गेले. मिशिगनकडून ०-८५ व हार्वर्डकडून ०-६१ असे पराभव पत्करल्यावर डिसेंबर १९३९ मध्ये विश्वस्त मंडळाने फुटबॉलच बंद केला. २ डिसेंबर १९४२ रोजी त्याच स्टॅग मैदानाच्या पश्चिमेकडील ओस पडलेल्या प्रेक्षागाराखाली एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित, स्वयंपोषित अणुविभाजन-शृंखला घडवून आणली. १९५७ मध्ये प्रेक्षागार पाडले गेले, आणि १९७० पासून त्या जागी विद्यापीठाचे रेगनस्टाइन ग्रंथालय उभे आहे. १९६९ मध्ये फुटबॉलचा संघ पुन्हा सुरू झाला. परंतु तो लहान प्रमाणावर, विद्यार्थ्यांचा खेळ म्हणून.

स्टॅग यांचे काम मात्र थांबले नव्हते. १९४३ साली, ८१ व्या वर्षी, देशातील प्रशिक्षकांनी त्यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवडले. १९४६ मध्ये पॅसिफिकची नोकरी संपल्यावर ते पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहॅना विद्यापीठात गेले, व तेथे प्रशिक्षक असलेल्या आपल्या मुलाच्या हाताखाली १९५२ पर्यंत काम केले. त्यानंतर स्टॉकटन येथे चेंडूला लाथ मारण्याचे तंत्र शिकवीत राहून १९६० साली, ९८ व्या वर्षी, त्यांनी मैदान सोडले. १७ मार्च १९६५ रोजी वयाच्या १०३ व्या वर्षात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर ३१४ विजय नोंदले जातात. तो आकडा १९८१ मध्ये अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांनी ओलांडला.

८. समारोप

आरंभी घेतलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. हार्पर यांच्या योजनेत दोन गृहीते होती. पहिले असे की, कायम नेमणूक प्रशिक्षकाला विजयाच्या भयातून मुक्त करील. हे खरे ठरले. १९२२ चा सामना त्याचा पुरावा होय. दुसरे गृहीत असे की, प्रशिक्षक मुक्त झाला म्हणजे खेळही शिस्तीत राहील. हे खरे ठरले नाही. व्यक्तीला पद दिल्याने व्यक्तीचे रक्षण होते. परंतु खेळाचे अर्थकारण, प्रेक्षकांची अपेक्षा व प्रवेशाचे दार यांवर त्या पदाचा अंमल चालत नाही. त्यासाठी विभागाचा हिशेब अन्य अध्यापकांसमोर खुला असावा लागतो, व प्रवेशाचा अधिकार दुसऱ्या हातात असावा लागतो. हार्पर यांनी पहिली गोष्ट दिली, दुसरी दिली नाही. हचिन्स यांनी दोन्ही गोष्टींना फाटा देऊन खेळच उपटून टाकला. या दोहोंच्या मधला मार्ग त्या काळी कोणी नीट चालून पाहिला नाही.

आपल्या विद्यापीठांतही शारीरिक शिक्षणाच्या संचालकांना अध्यापकांच्या बरोबरीची वेतनश्रेणी आहे. परंतु त्यांना अध्यापक मानावयाचे की नाही, याविषयी अध्यापक-कक्षांतील बोलण्यात एक प्रकारचा संकोच आढळतो. स्टॅग यांचे चरित्र वाचल्यावर हा संकोच योग्य ठिकाणी नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जो मनुष्य रचना समजावून देतो, घोटून घेतो आणि परीक्षेच्या वेळी गप्प राहतो, तो अध्यापक आहे यात शंका नाही. शंका घ्यावयाची ती त्याच्या पदाविषयी नव्हे. त्याच्या विभागाचा हिशेब कोण पाहतो आणि त्याच्या खेळाडूची उत्तरपत्रिका कोण तपासतो, याविषयी घ्यावी. आणि हाच प्रश्न आपण आपल्या स्वतःच्या विभागांविषयीही विचारावयास हवा.

वर्गातील त्या विद्यार्थ्यास दिलेले उत्तर येथे पुन्हा नोंदवून ठेवतो : दोन्ही 'कोच' एकच. दोघांनीही विद्यार्थ्याला पैलतीरी न्यावयाचे असते. गाडी हाकणाऱ्याला गाडीची मालकी मिळाली म्हणजे प्रवासी कोठे उतरतो, एवढे मात्र कोणीतरी पाहत राहिले पाहिजे.